बाटीचे गणित

काशीतील संकठा घाटाच्या एका अंगास शिंदे घाट आहे, तर दुसऱ्या अंगास थोड्या अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट. या नगरीत गोवऱ्यांच्या आरात भाजली जाणारी बाटी आणि विदर्भातील रोडगा ही एकाच कुळातील खाद्ये होत. घरच्या भाजणकामातून मुलांना गणित व विज्ञान शिकवावे असे म्हणताना महागडी भट्टी अभिप्रेत नाही. कणीक, पाणी, विस्तव आणि तराजू एवढी सामग्री पुरेशी आहे.

कणकेचे दोन गोळे करावेत. एक ३ सेंटिमीटर व्यासाचा, दुसरा ६ सेंटिमीटर व्यासाचा. मोठ्यास किती पट कणीक लागेल, हे मुलास आधी विचारावे. ‘दुप्पट’ हे उत्तर सहज ओठांवर येते. तराजू मात्र सुमारे आठपट दाखवितो. पृष्ठफळ चौपटच वाढलेले असते. उष्णता पृष्ठभागातूनच आत शिरत असल्यामुळे, दोन्ही गोळे एकाच वेळी बाहेर काढल्यास लहान बाटी भाजलेली व मोठी आतून कच्ची आढळते.

भाजण्यापूर्वी व भाजल्यानंतर वजन करावे. आलेली घट मुख्यतः वाफ होऊन गेलेल्या पाण्याची असते. गाभ्यात ओलावा असेतोवर तेथील तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. बाहेरील साल कोरडी होऊन त्याहून अधिक तापते. म्हणून तीच तांबूस होते.

परंतु मुलास चुलीपाशी बसविले म्हणजे विज्ञान शिकविले, असे नव्हे. आधी अंदाज, मग मोजमाप, त्यानंतर नोंद, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम, या चार गोष्टींनीच स्वयंपाकघराची प्रयोगशाळा होते. विस्तव अर्थातच वडीलधाऱ्यांनी हाताळावा. उत्तर मात्र मुलास शोधू द्यावे.

यात अभ्यासाचा वेळ व अन्न वाया जाते, असा आक्षेप घेतला जातो. कच्ची बाटी पुन्हा आरात ठेवता येते. न समजता पाठ केलेले सूत्र मात्र परीक्षेनंतर विसरले जाते. १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला, तो याच दिशेचा होता.

हे काम केवळ मुलींचे मानू नये. आईच्या हाताच्या अंदाजात पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे. तो अंदाज मोजून पाहणारा मुलगा वा मुलगी आईच्या ज्ञानास ज्ञान म्हणून ओळखू लागते, आणि विज्ञान हे परक्या घरचे आहे ही समजूतही तेथेच सुटू लागते.