फिरत्या दुकानाची बॅटरी : आधी हिशेब, मग खरेदी

मीरा रोड आणि भाईंदरमधील गाळ्यांची भाडी पाहता, जुनी बस किंवा मिनीबस घेऊन तिचे फिरते दुकान करावे, असा विचार आपल्या अनेक व्यापारी बांधवांच्या मनात येतो. विचार वाईट नाही. पुण्यात 2016 पासून पीएमपीएमएलच्या भंगारातील बसगाड्यांची महिलांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहे उभी राहिली आणि त्यांच्या टपावर सौर पॅनेल बसले. गाडी जागेवर उभी राहिली की इंजिन बंद, आणि इंजिन बंद म्हणजे अल्टरनेटरही बंद. मग बॅटरी भरणार कोण, हा प्रश्न तेथे आधी सोडवला गेला. आमच्याकडे गाडीला रंग आधी लागतो, मांडण्या बसतात, आणि विजेचे ‘बघू नंतर’ होते.

आम्ही कापडवाले, इंजिनिअर नव्हे. पण हा हिशेब गज-मीटरच्या हिशेबाइतकाच सोपा आहे. व्होल्टला अँपिअर-अवरने, म्हणजे बॅटरीवर लिहिलेल्या एएचने गुणले की वॅट-तास मिळतात. 12 व्होल्ट, 150 एएच म्हणजे 1800 वॅट-तास. मात्र कोरे कापड ताग्यावर 20 मीटर असले तरी पाण्यातून काढल्यावर 20 राहत नाही. बॅटरीचेही तसेच आहे. शिशाची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर मरते. म्हणून हाती 900 धरावेत. शिवाय 150 हा आकडा बहुधा 20 तासांत सावकाश वापरल्यास मिळणारा असतो. घाईने ओढल्यास तोही घटतो. लिथियम फॉस्फेटची बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते, पण महाग पडते आणि तिला तिचाच चार्जर लागतो.

आता कापडाच्या दुकानाचे पाहू. 20 वॅटच्या सहा एलईडी ट्यूब, 30 वॅटचे दोन पंखे, बिलाचे मशीन वगैरे 20 वॅट. एकूण 200 वॅट. इन्व्हर्टर स्वतःचा वाटा घेतो, तेव्हा 230 धरा. संध्याकाळी चार ते दहा, सहा तास, म्हणजे सुमारे 1400 वॅट-तास. एका बॅटरीतील 900 आठच्या सुमारास संपतात, नेमके गिऱ्हाईक दारात येते तेव्हा! दोन बॅटऱ्या हव्यात. आणि 1000 वॅटची इस्त्री या संचावर लावू नये. 12 व्होल्टवर ती शंभरच्या आसपास अँपिअर ओढते. इस्त्री घरीच करून माल गाडीत भरावा.

खरी कंजुषी होते ती तारेत. 100 वॅटला घरच्या 230 व्होल्टवर अर्धा अँपिअरही लागत नाही. 12 व्होल्टवर आठाहून अधिक लागतात. बॅटरीपासून 10 मीटरवर 2.5 एमएमची तांब्याची तार नेली, तर जाता-येता 20 मीटरमध्ये सुमारे 1.2 व्होल्ट, म्हणजे दहावा हिस्सा वाटेतच जातो. तोच भार 24 व्होल्टवर चालवला तर गळती अडीच टक्क्यांच्या आत राहते. मोठ्या बसचे मूळ वायरिंग 24 व्होल्टचेच असते, दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून. काही मिस्त्री त्यांपैकी एकीवरून 12 व्होल्ट काढून दिवे चालवतात. हे थांबले पाहिजे. अशाने एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त भरून उकळते, आणि सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. दुकानाच्या बॅटऱ्या वेगळ्याच ठेवाव्यात. गाडीची बॅटरी स्टार्टरसाठी बनलेली असते, रात्रभर दिवे पुरवण्यासाठी नव्हे.

आणि फ्यूज. तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरावर हवा, कारण तो दिव्याचे नव्हे, तारेचे रक्षण करतो. ट्यूबपाशी लावलेल्या फ्यूजचा मधल्या तारेला काय उपयोग? ती तार मांडणीच्या पत्र्यावर घासून सोलली की ठिणगी पडते, आणि आपला माल म्हणजे सुती, रेयॉन, पॉलिस्टर. शिशाच्या बॅटरीतून भरताना हायड्रोजन निघतो. तिची पेटी हवेशीर असावी, गठ्ठ्यांखाली दडपू नये. पावसाळ्यात पॅनेलवर भिस्त ठेवू नका, रात्री घरच्या विजेवर भरण्याची सोय असू द्या.

कागदाचेही पाहावे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीत मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये याबाबत कडक निकाल दिला. आरटीओची मंजुरी नसेल तर आगीनंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

आपल्या वस्तीत ऑटो इलेक्ट्रिशियनचे हुशार कारागीर कमी नाहीत. पण तोंडी अंदाजावर काम घेण्याची सवय दोन्ही बाजूंनी आहे. आमचे म्हणणे असे की गॅरेजला बयाणा देण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : एकूण वॅट, बॅटरीचे एएच, प्रत्येक तारेची जाडी आणि प्रत्येक फ्यूजचा अँपिअर. त्या कागदाची एक प्रत गाडीतच, बॅटरीच्या पेटीवर चिकटवून ठेवावी; उद्या दुसऱ्या गावात बिघाड झाला तर तिथल्या मिस्त्रीला तार शोधत बसावे लागणार नाही.