चौकस मुलीला काय द्यावें?

विट्याहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. घरांत धाकट्या पुतण्याची मुंज आहे. बटूसाठीं सायकल आधींच ठरली. त्याच्या बारा वर्षांच्या थोरल्या बहिणीला ‘कांहींतरी’ द्यावें, एवढेंच घरांत बोलणें झालें. मुलगी चौकस आहे. शेजारचे काका दक्षिणेंत गलाईचा धंदा करितात. ते गांवीं आले कीं, सोन्यांतली भेसळ कशी ओळखतां म्हणून ती त्यांच्या मागें लागते. आजोबांना हा नसता चोंबडेपणा वाटतो.

तें ‘कांहींतरी’ आम्हांस फार खटकलें. या वयांत एकदां का विचारून उपयोग नाहीं असें मुलीच्या मनानें घेतलें, कीं ती विचारण्याचेंच सोडते, आणि घरांतील मंडळी म्हणतात, पोर शहाणी झाली!

आमच्या मतें तिला एक लहान काटा द्यावा. दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा काटा आज फार महाग नाहीं. त्यावर पाण्याचा उंच पेला ठेवून आंकडा शून्यावर आणावा. मग आधीं तोलून ठेवलेली संध्येची तांब्याची पळी दोर्‍यानें बांधून, पाण्यांत पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला टेकणार नाहीं, अशी धरावी. काटा आतां जो आंकडा दाखवील, तेवढें पळीनें बाजूस सारलेल्या पाण्याचें वजन. पळी 40 ग्रॅमांची असली तर तो साडेचारांच्या आसपास येईल. म्हणजे तांबें पाण्याच्या सुमारें 9 पट जड. चांदी साडेदहा पट, शुद्ध सोनें 19 पटींहून थोडें अधिक. सोन्यांत तांबें मिसळलें कीं हा आंकडा खालीं येतो. भट्टी आणि तेजाब हें मुलांचें काम नव्हे. पाणी आणि भागाकार मात्र खास त्यांचेंच. (पोकळ किंवा खडे जडविलेल्या दागिन्यावर हा प्रयोग करूं नये. आंकडा चुकतो आणि घरांत विनाकारण संशय माजतो.)

वस्तूपेक्षांही मोठी देणगी म्हणजे वडील माणसाचा वेळ. कोल्हापुरास 1938 सालीं जन्मलेले जयंत नारळीकर काशीस वाढले; वडील तेथील हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक. घरांत भिंतीवर फळे लावलेले होते. शिक्षणासाठीं राहावयास आलेले मोरूमामा हुजूरबाजार त्यांवर भाच्यासाठीं एखादें अवघड गणित लिहून ठेवीत. तें सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानीपर्यंत पुसलें जात नसे. फळ्याला खर्च तो किती? पण मामाला रोज एक चांगलें कोडें शोधावें लागलें असेल! एकत्र कुटुंबांत असा एखादा मामा वा आत्या सहज सांपडावी.

काट्याखेरीज आणखी कांहीं द्यावयाचें असल्यास साधी दुर्बीण चांगली. खांबाला टेकवून स्थिर धरली तर गुरूचे चार मोठे चंद्र तिच्यांतून दिसतात, आणि विट्याच्या माळावर रात्रीं आकाश मोकळें असतें. बालभारतीचें 1971 पासून निघणारें ‘किशोर’ सुरू करून द्यावें. टाकाऊ वस्तूंतून खेळणीं करण्याचीं अरविंद गुप्ता यांचीं पुस्तकें मराठींतही विनामूल्य मिळतात. मोबाइल देऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो सगळ्यांनाच मिळतो, त्यांत तिच्या प्रश्नाची दखल कोठें आली?

सायकलीपेक्षां काटा स्वस्त पडला म्हणून मानपानाचा प्रश्न निघाल्यास उरलेल्या पैशांची पुस्तकें घ्यावींत, आणि तींही तिनेंच निवडावींत. आजोबांनीं पहिल्या प्रयोगाला आपली पळी द्यावी, एवढी त्यांस आमची विनंती. शेजारच्या काकांना भगिनींनीं आजच निरोप धाडावा : दिवाळीस येतांना तांबें, पितळ आणि चांदी यांचे तीन लहान तुकडे एकाच रंगाचा मुलामा देऊन आणावे, आणि कोणता कशाचा, हें मुलीला सांगूं नये.