घरचाच कुत्रा चावला तर?

आमच्या रत्नागिरीकडे अंगण आणि आंबा-काजूची बाग असलेल्या घरात तीन-चार कुत्रे सहज असतात. एक दांडगट, रात्रभर बागेत हुंदडणारा. एक खादाड. एक भित्रा, पाहुणा आला की बाकाखाली शिरणारा. लसीच्या दिवशी पहिले दोघे सापडतात, भित्रा निसटतो. "तो कुठे बाहेर जातो?" म्हणून विषय संपतो.

माझ्या मते लस आधी त्यालाच द्यावी. पिसाळलेला कुत्रा किंवा कोल्हा अंगणातही शिरतो, आणि घाबरून माणसाला चावण्याची शक्यता याचीच जास्त. पहिली लस तीन महिन्यांचा झाल्यावर, मग पशुवैद्य सांगतील तशी.

माझ्याकडे येणारे घरच्या कुत्र्यांचे बरेच चावे भांडण सोडवतानाचे असतात. खाण्यावरून जुंपते, मालक मध्ये हात घालतो. हात घालू नका, बादलीभर पाणी ओता. खाण्याची भांडी लांब लांब ठेवा, खादाडाचे तर पार मागच्या दारी.

चावलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. सरकारी रुग्णालयात लस मोफत मिळते. कातडीत देतात ती 0, 3, 7 आणि 28व्या दिवशी. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते.

"घरचाच आहे, दहा दिवस बघू" हे मला अजिबात पटत नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण स्वतःची लस सुरू करून. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचत नाही म्हटले तरी चालेल. आणि त्या भित्र्याला लसीच्या आदल्या संध्याकाळीच बांधून ठेवा.