नखावरचा बांगडा आणि टाकीवरचा 'पर्ल'

हॉस्टेलवर कुणी नवी बाईक आणली की गेटपाशी पंचायत भरते. "पर्ल ब्लू आहे रे! उन्हात बघ, वेगळाच दिसतो!" मग पंधरा-वीस मिनिटं टाकीभोवती प्रदक्षिणा. ही म्हणे टेक्निकल चर्चा! आणि आमच्यापैकी कुणी तसलीच चमक नखाला लावून लेक्चरला आली की ती नटवी, तिचं अभ्यासात लक्ष नाही, 'हिला कशाला हवं होतं इंजिनियरिंग?' मित्रांनो, माझं म्हणणं अगदी साधं आहे. टाकीवर आणि नखावर चमकणारी वस्तू एकच आहे. मग एकीला टेक्नॉलॉजी आणि दुसरीला थेर म्हणायचं, हे कुठलं लॉजिक?

वस्तू एकच म्हणजे काय ते आधी सांगते. अभ्रकाची अतिशय पातळ पापुद्र्यांसारखी चूर्णं असतात. त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साईडचा थर चढवतात. थर साधारण ५० नॅनोमीटरचा असेल तर चमक चंदेरी, ७० च्या आसपास सोनेरी, १२० ला निळी, १४० ला हिरवी. (आपला केस ५० ते १०० हजार नॅनोमीटर जाड असतो!) म्हणजे रंग हा रंगद्रव्याचा नाहीच, जाडीचा आहे. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये थिन फिल्म इंटरफिअरन्स म्हणून जे आपण पाठ करतो आणि पेपर झाल्यावर विसरतो, तेच. हे रंग १९६० च्या दशकापासून कारखान्यात बनू लागले आणि गाडीचा रंग, प्लॅस्टिक, सौंदर्यप्रसाधनं असे सगळीकडे पसरले. नेलपेंटचा मूळ पदार्थ नायट्रोसेल्युलोज, तोही १९२० च्या दशकात मोटारगाड्यांच्या लॅकरमध्ये असायचा. म्हणजे नातं जुनंच आहे.

माझं घर आरे-वारेला. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला समुद्राच्या कडेने जाताना वरून जे दोन किनारे दिसतात ना, ते. पर्यटक गाडी थांबवून फोटो काढतात आणि पुढे जातात, आम्ही तिथेच राहतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी रत्नागिरीच्या बाजारातून चार बाटल्या आणल्या: एक नुसती शिमर, दोन रंग बदलणाऱ्या आणि एक चुंबकाची. आणि पडवीत बसून सरळ प्रयोग केले. डाव्या हाताच्या नखांना खाली काळा बेस, उजव्याला पांढरा, वर दोन्हीकडे तेच रंग बदलणारं नेलपेंट. पांढऱ्यावर ते अगदीच मिळमिळीत दिसलं. काळ्यावर मात्र हिरव्याचं निळं, निळ्याचं जांभळं! कारण सोपं आहे. जो रंग परावर्तित होत नाही तो चूर्णातून आरपार खाली जातो. खाली पांढरं असेल तर तो परत वर येऊन सगळं पुसून टाकतो, काळं असेल तर गिळला जातो. बोट तिरकं केलं की रंग निळ्याकडेच का सरकतो, तेही आपल्या सूत्रातला कॉस बघितला की कळतं: कोन वाढला, कॉस कमी झाला, तरंगलांबी कमी झाली. पाठ केलेलं सूत्र नखावर दिसलं की जरा मजाच येते. गंमत म्हणजे साध्या शिमरमध्ये हे सरकणं फार कमी. टायटॅनियम डायऑक्साईडचा अपवर्तनांक मोठा, त्यामुळे आतला किरण बाहेरच्या कोनाला फारशी दाद देत नाही. ठळक रंगबदलासाठी मधला थर कमी अपवर्तनांकाचा लागतो. म्हणून त्या बाटल्या महाग.

खात्री करायची असेल तर खिशातली ५०० ची नोट काढा (महिनाअखेर असेल तर मित्राची). तिच्यातला सुरक्षा धागा तिरका धरला की हिरव्याचा निळा होतो. २००० साली आलेल्या ५०० आणि १००० च्या नोटांवर तर आकडाच अशा शाईत छापलेला असायचा. रिझर्व्ह बँकेला जे सुरक्षेसाठी चालतं, ते आमच्या नखावर आलं की थिल्लर कसं होतं?

आमच्या आजीची प्रतिक्रिया याहून चांगली होती. तिने माझा हात उजेडात धरला, मागेपुढे फिरवला आणि म्हणाली, "काय गो, नखांना बांगडा चिकटवलास काय?" मी हसले, पण आजी शास्त्रीयदृष्ट्या शंभर टक्के बरोबर होती! ताज्या बांगड्याच्या पाठीवरची निळी-हिरवी झळाळी ग्वानिनच्या स्फटिकांच्या थरांची असते, तोच इंटरफिअरन्स. टायटॅनियमचं अभ्रक येण्याआधी मोत्यासारखी चमक आणायला माशांच्या खवल्यांचा अर्कच वापरत. सर सी. व्ही. रामन यांनी १९३० च्या दशकात शिंपल्यांच्या आणि पिसांच्या या रंगांवर मुद्दाम संशोधन केलं. त्यांना कुणी नटवे म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

आता चुंबकाची बाटली. तिच्यात लोहयुक्त कण असतात. रंग ओला असताना वर चुंबक धरलं की कण रांगेत उभे राहतात आणि मांजराच्या डोळ्यासारखी रेघ उमटते. तेच चुंबक घेऊन माझा धाकटा भाऊ किनाऱ्यावर गेला आणि वाळूत फिरवून काळी मिशी लावून परत आला! आमच्याकडच्या वाळूत काळे जड कण खूप. काळबादेवी, नेवरे, मालगुंड हा पट्टा इल्मेनाईटसाठी भूगर्भशास्त्रात नोंदलेला आहे. आणि इल्मेनाईटपासूनच टायटॅनियम डायऑक्साईड करतात. म्हणजे ज्या थरामुळे नख चमकतं त्याचं खनिज आमच्या पायाखाली.

पण इथेच एक बोचणारी गोष्टही आहे, आणि ती मुलींनीही ऐकावी, बाईकवाल्यांनीही. थर टायटॅनियमचा असला तरी खाली अभ्रक आहे. झारखंड-बिहारमधल्या बेकायदा अभ्रक खाणींत लहान मुलं काम करतात आणि खाण ढासळून मरतात, हे २०१६ मध्ये बातम्यांतून जगासमोर आलं. पुढच्या वर्षी कंपन्यांनी मिळून जबाबदार अभ्रकासाठी एक संस्थाही काढली. बाटलीच्या लेबलवर 'मायका' किंवा सी.आय. ७७०१९ लिहिलेलं असेल तर आत अभ्रक आहे. 'सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट' लिहिलं असेल तर ते कारखान्यात बनवलेलं. माझ्या चारपैकी दोन बाटल्यांवर मायका होतं, ते कुठल्या खाणीतलं हे कुठेच नव्हतं. नटण्यावरून टोमणे मारणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला असता तर मी मान खाली घातली असती. पण तो कुणी विचारत नाही. एका तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो, "मेकॅनिकलला आलात की पार्लरला?" पुढची पाच मिनिटं मी गिअरबद्दल काय बोलले ते त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे.

वर्कशॉपमधल्या नियमांबद्दल माझी तक्रार नाही. लेथवर लांब नखं नकोतच, मोकळे केस आणि ओढणीही नको. आजारपणात बोटाला ऑक्सिमीटर लावायचा असेल तर नेलपेंट पुसावं, नाहीतर आकडा चुकू शकतो, हे कोरोनात सगळ्यांनाच कळलं. आणि हॉस्टेलच्या मुलींनो, रूममध्ये डासांची कॉईल पेटलेली असताना बाटली किंवा रिमूव्हर उघडू नका. नायट्रोसेल्युलोज आणि ॲसिटोन दोन्ही भुरकन पेटतात. पावसाळ्यात लावायचं तर पातळ हात द्या आणि घाई करू नका. आमच्याकडे जूनमध्ये दमट हवेने थर पांढुरका पडतो, कारण द्रावक उडताना थंडावा येतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. हे सगळे नियम कारणासकट आहेत, म्हणून पटतात. 'मुलींनी असं करू नये' याला कारण नसतं.

फिजिक्स लॅबच्या सरांना एक विनंती आहे. न्यूटन्स रिंग्ज बघताना निम्म्या वर्गाला काही दिसत नाही, पण सगळे 'दिसलं सर' म्हणतात. त्या टेबलाशेजारी एक काचपट्टी ठेवा, अर्धी काळी, अर्धी पांढरी, वर रंग बदलणाऱ्या नेलपेंटचा एक हात. ती हातात धरून तिरकी केली की बाकीचं आपोआप कळेल. खर्च एका बाटलीचा. पट्टी मी रंगवून देते, बाईकवाल्यांपैकी कुणाला पर्ल ब्लूचा नमुना आणायचा असेल तर त्यानेही आणावा.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल