तुकडा कुत्र्यापुढे टाकण्यापूर्वी



कुत्रा म्हटले की आपल्याला त्याच्या चावण्याची भीती वाटते. ती भीती योग्यच आहे. कुत्रा चावला तर जखम साबणाने धुऊन ताबडतोब दवाखान्यात गेले पाहिजे. परंतु न चावणाऱ्या, दाराशी शांत बसलेल्या कुत्र्यापासूनही आजार होऊ शकतात. त्याच्या आतड्यांत जंत असतात आणि त्यांपैकी काही माणसालाही त्रास देतात.

तुम्ही म्हणाल, "आमच्या घरी कुत्रा पाळत नाहीत. मग आमचा काय संबंध?" मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, आपल्या रायगडच्या कोणत्याही गावात पाहा. कुत्रा घरात नसला तरी मासळी बाजारात, खाटकाच्या दुकानापुढे आणि समुद्राच्या वाळूत असतोच. त्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. अंकुशकृमीच्या अळ्या ओलसर वाळूतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. मग तेथे वेडीवाकडी लाल रेघ उमटते व फार खाज सुटते. गोलकृमीची अंडी मातीच्या हातांवाटे लहान मुलांच्या पोटात जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यांतही पोहोचतात.

तिसरा जंत म्हणजे एक पट्टकृमी. त्याची लांबी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर असते. त्याची अंडी पडलेले गवत बकऱ्याने खाल्ले, की बकऱ्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. तसे यकृत कच्चेच कुत्र्याने खाल्ले, की त्याच्या आतड्यांत पुन्हा जंत तयार होतात. हीच अंडी न धुतलेल्या हातांवाटे किंवा भाजीवाटे माणसाच्या पोटात गेली, तर त्याच्याही शरीरात अशी गाठ वाढते. ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढते आणि अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. हा हायडॅटिड रोग महाराष्ट्रातही आढळतो.

आता विचार करा. बकरा कापताना यकृताचा खराब भाग आपण काय करतो? कापून कुत्र्यापुढे टाकतो! बकरी ईद असो, जत्रा असो वा लग्नाचे जेवण, ही सवय सगळीकडे दिसते. मुक्या जनावराला खायला घातले, असे आपल्याला वाटते. माझ्या मते ही दया नव्हे. आपणच कुत्र्याला रोग देतो आणि तोच रोग आपल्या अंगणात परत येतो. मग दोष कुत्र्याचा कसा? त्याला दगड मारून काहीही साधणार नाही. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. खायला द्यायचेच असेल, तर चांगले उकळून द्यावे. खराब अवयव मात्र कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरावेत किंवा जाळावेत.

एवढ्याने काय होणार, असे कोणी विचारील. आइसलंड या बेटावर एकोणिसाव्या शतकात हा रोग फार पसरला होता. हाराल्ड क्राबे या डॅनिश शास्त्रज्ञाने तेथे जाऊन त्याचे कारण शोधले. १८६४ मध्ये त्याने लिहिलेली छोटी पुस्तिका तेथील घरोघरी वाटण्यात आली. लोकांनी ती वाचली. पुढे कुत्र्यांविषयी कायदे झाले, कुत्र्यांना औषध देणे सुरू झाले आणि मेंढ्यांचे रोगट अवयव त्यांना मिळेनासे झाले. विसाव्या शतकात तो रोग तेथून नाहीसा झाला.

आपल्या देशात २०१५ पासून जंतनाशक दिनी शाळांत गोळी दिली जाते. ती अवश्य घ्या. परंतु त्या एका गोळीने यकृतातली गाठ जात नाही. म्हणून जेवणापूर्वी हात साबणाने धुवा, भाजी स्वच्छ धुवा, वाळूत चप्पल घालून चाला. शेजारी कोणी कुत्रा पाळला असेल, तर त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यातून जंतांचे औषध देण्यास सांगा.

क्राबेची पुस्तिका ज्यांना वाचता येत होती, त्यांनी ती घरच्यांना वाचून दाखवली असेल. तुम्हांलाही वाचता येते. हा धडा घरी आपल्या भाषेत समजावून सांगा. येत्या ईदला खड्डा कोण खणणार, हेही आजच ठरवा.