यादीत नसलेली कॅसेट

नोकरीनिमित्त तोक्योत होतो, तेव्हाची गोष्ट. सुटीच्या दिवशी अकिहाबाराच्या गल्ल्यांतून भटकायचे आणि जुन्या मालाच्या दुकानांत डोकवायचे, हा माझा छंद. अशाच एका दुकानात 'फॅमिली बेसिक'चा संच हाती लागला. निन्टेन्डोने १९८३ साली जपानात 'फॅमिली कॉम्प्युटर' विकायला आणला. नाव कॉम्प्युटरचे, काम मात्र खेळण्याचे! पुढच्याच वर्षी त्याला जोडायचा कीबोर्ड आणि बेसिक भाषेचे कार्ट्रिज आले. किंमत १४,८०० येन, म्हणजे मूळ यंत्राइतकीच. स्वतःच्या प्रोग्रॅमसाठी जागा जेमतेम दोन किलोबाइट. तो जपून ठेवायचा तर वेगळा टेपरेकॉर्डर घ्यायचा आणि गाण्यांसाठी वापरतात तसल्या साध्या कॅसेटवर उतरवायचा.

माझ्या संचातल्या रेकॉर्डरमध्ये अशीच एक कॅसेट राहून गेली होती. वर पेन्सिलीने काहीतरी खरडलेले. या वस्तू गोळा करणाऱ्या एका मित्राला संच दाखवला. त्याने खोके तपासले, पुस्तिका मोजली, कीबोर्डच्या कळा निरखल्या आणि कॅसेट बाजूला सारली. म्हणाला, "ही काढून टाक. मूळ संचाच्या यादीत नाही ती."

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. या छंदाविषयीची माझी तक्रार नेमकी त्या एका वाक्यात आहे.

खेळयंत्राचा कॉम्प्युटर करून देणारी ही उपकरणे आज दुर्मिळ का आहेत? बहुतेक वेळा ती फसली म्हणून. १९८० च्या आसपास अमेरिकेत मॅटेल कंपनीने आपल्या 'इंटेलिव्हिजन'ला जोडायच्या कीबोर्डाचा मोठा गाजावाजा केला. आज मुलांसाठी खेळ घ्या, उद्या त्याचाच घरगुती कॉम्प्युटर होईल, असे ते आश्वासन होते. उपकरण महाग पडले, तारखा लांबत गेल्या, ग्राहकांच्या तक्रारी तिथल्या व्यापार आयोगापर्यंत पोहोचल्या. अखेर सुमारे ४,००० नग तयार झाल्यावर योजना गुंडाळली गेली आणि विकलेली यंत्रे परत बोलावण्यात आली. जी परत गेली नाहीत, त्यांच्यावर आज संग्राहकांच्या उड्या पडतात. काल ज्याची फसगत म्हणून तक्रार होत होती, तेच आज रत्न म्हणून मिरवते!

रत्न म्हणायलाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती ते काचेच्या कपाटात कुलूपबंद करण्याला. नाणे कपाटात ठेवले तरी नाणेच राहते. कॉम्प्युटरचे तसे नाही. त्याचे रबरी पट्टे सैल होऊन चिकट होतात, कपॅसिटर गळू लागतात, चुंबकीय फितीवरची अक्षरे पुसट होत जातात. न उघडलेले खोके म्हणजे न मोडलेली वस्तू, ही समजूत खोटी आहे. वस्तू आत बसून मोडत असते. आपल्याला ते दिसत नाही, इतकेच.

याउलट 'सॅटेलाव्ह्यू'चे उदाहरण पाहा. निन्टेन्डोच्या 'सुपर फॅमिकॉम'ला जोडायचे हे उपकरण १९९५ साली जपानात आले. उपग्रहावरून खेळ प्रसारित होत आणि घरी एका छोट्या मेमरी पॅकवर उतरवून घेता येत. नवा खेळ घ्यायचा तर जुना पुसायचा. २००० साली प्रसारण कायमचे थांबले. त्यातले जे काही आज शिल्लक आहे, त्यातला बराच भाग लोकांनी वापरून टाकून दिलेल्या पॅकमध्ये सापडला. तिथे कोऱ्या, सीलबंद पॅकचा काय उपयोग? जुने पॅक विकत घेऊन आतला मजकूर धीराने उतरवून काढणाऱ्यांनी ते वाचवले.

संग्राहकांची बाजू मला ठाऊक आहे. त्यांनी पैसे मोजले नसते तर ही यंत्रे केव्हाच भंगारात गेली असती. खरे आहे, त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण भंगारातून वाचवलेली वस्तू कपाटात मरू देणे, हे वाचवणे नव्हे. मूळ हक्क दुसऱ्यांचे असतात, हेही कबूल. म्हणून आतल्या मजकुराची प्रत काढून ती विकत सुटा, असे मी म्हणत नाही. ती काढून नीट सांभाळा, अभ्यासकाला पाहू द्या, यंत्र अधूनमधून चालवा, एवढेच म्हणणे आहे. दुर्मिळ वस्तूचा धनी हा मालक कमी आणि विश्वस्त अधिक असतो.

आता त्या कॅसेटविषयी. एका रात्री मी ती लावली. बराच वेळ नुसता चिरका आवाज. तीनदा प्रयत्न फसला, चौथ्यांदा प्रोग्रॅम उतरला. पडद्यावर मारिओ डावीकडून उजवीकडे चालत गेला आणि खाली जपानी अक्षरांची एक ओळ उमटली. दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या सहकाऱ्याकडून ती वाचून घेतली. कुणा मुलाने आपल्या ताईला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या.

त्या कीबोर्डासारखे कीबोर्ड जपानात आणखी पुष्कळ सापडतील. ही ओळ दुसरीकडे कुठेही नाही. बाजारात तिची किंमत शून्य, कारण ती यादीत नाही. मी तिची प्रत काढून ठेवली आहे. माझ्या संग्रहातली सर्वांत दुर्मिळ वस्तू कोणती, असे कुणी विचारले, तर मी कॅसेटकडे बोट दाखवतो.