कीबोर्डचं बारसं

गेल्या शुक्रवारी रात्री साडेअकराला लंडनहून मित्राचा फोन. "अरे, डिस्क उघडतच नाहीये. दहा वेळा पासफ्रेज टाकला. सोमवारी क्लायंटकडे डेमो आहे!" म्हटलं, पासफ्रेजमधे ॲट आहे? आहे म्हणाला. मग ॲट छापलेली कळ दाबू नकोस, शिफ्ट धरून दोन दाब. दोन मिनिटांनी पलीकडून, "उघडलं रे! पण हे काय गौडबंगाल?"

गौडबंगाल असं. ब्रिटिश कीबोर्डवर दोनच्या डोक्यावर दुहेरी अवतरण असतं आणि ॲट असतं एंटरच्या बाजूला. अमेरिकन कीबोर्डवर बरोब्बर उलटं. साहेबांनी पासफ्रेज ठेवला डेस्कटॉपवर, ब्रिटिश लेआउटमधे. पण मशीन सुरू होताना तो विचारतो कन्सोल. त्यासाठी याने व्हीकन्सोल डॉट कॉन्फमधे इमानेइतबारे 'जीबी' लिहिलं होतं. का नाही लिहिणार? डेस्कटॉपला तेच नाव चालतं! पण त्याच्या डिस्ट्रोच्या कन्सोलमधे तोच कीबोर्ड 'यूके' नावाने राहतो, 'जीबी' नावाची फाईलच नाही. मग कन्सोल कुठेतरी लॉगमधे एक ओळ कुरकुरतो आणि गुपचूप अमेरिकन होऊन बसतो.

"मॅन्युअल वाचायचं ना" म्हणणारे मला माहीत आहेत. वाचलं. कन्सोलमधे 'एलए-लॅटिन१' म्हणजे लॅटिन अमेरिका. डेस्कटॉपच्या एक्सकेबीमधे लॅटिन अमेरिका 'लॅटॅम', आणि 'एलए' म्हणजे चक्क लाओस. भाषांच्या कोडमधे तर 'यूके' म्हणजे युक्रेनियन. सिस्टमडी याच कामासाठी एक भाषांतराचा तक्ता घेऊन फिरतो. एकाच मशीनमधल्या दोन शेजाऱ्यांना बोलायला दुभाष्या!

आणि आपलं काय? नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी भारतात बसलोय म्हणून 'सेटएक्सकेबीमॅप आयएन' टाकलं. झालं, टर्मिनलमधे देवनागरी. आता परत 'यूएस' करायची कमांड कुठल्या अक्षरांत टाइप करणार? स्क्रीनवरची जुनी अक्षरं माउसने एकेक कॉपी-पेस्ट करून सुटलो. (शेजारचा सीनियर हसत होता. मदत काही केली नाही.)

देश म्हणजे कीबोर्ड नव्हे हो! १९८६ सालच्या इनस्क्रिप्टची गंमतच ही की लिपी बदलली तरी कळ तीच. देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ, काहीही घ्या, के दाबला की त्या लिपीतला 'क'. १९९१ मधे त्याचं मानकही झालं. म्हणजे खरं नाव इनस्क्रिप्ट आणि पुढे लिपी. आम्ही काय केलं, तर सगळ्यांना 'आयएन'च्या खणात कोंबलं. न्यू जर्सीतल्या माणसालाही मराठी टाइप करायला आधी 'भारत' म्हणावं लागतं.

बरं, हे अशक्य आहे असंही नाही. डेबियनमधे एकाच फायलीतलं एकच नाव कन्सोल आणि डेस्कटॉप दोघांना चालतं. बाकीच्यांनी निदान एवढं तरी करावं, की नाव सापडलं नाही तर तिथल्या तिथे बोंब ठोका. डिस्क लॉक झाल्यावर लॉग कोण वाचणार, आणि कसा?

मित्राने पासफ्रेज बदललाय. आता फक्त अक्षरं, चिन्हांची भानगडच नको म्हणाला. पुढचं प्रोजेक्ट पॅरिसला आहे. तिथे ए आणि क्यूच्या जागांची अदलाबदल आहे, हे अजून त्याला सांगितलेलं नाही.